दुसऱ्या पानावरचा माणूस

दार चुकलं म्हणून ती भलत्याच खोलीत शिरली, आणि ढीगभर डोळे एकदम तिच्याकडे बघू लागले. काचेचे. ट्रेमध्ये मांडून ठेवलेले.

"घाबरू नका, त्यांना दिसत नाही," टेबलापलीकडचा तरुण म्हणाला. त्याच्या हातात पेंढा भरलेलं घुबड होतं. "मला मात्र दिसतं."

"काय?"

"तुम्ही पळायच्या बेतात आहात ते."

ती हसली… पळाली नाही.

या संग्रहालयात ती कामासाठी आली होती. तिच्या कंपनीनं बनवलेल्या स्प्रेडशीटमधून साधा तक्ता छापायचा म्हटलं तरी समास, मापं, तुटक रेषा यांनी लोकांच्या नाकी नऊ येत. तिनं तो पसारा काढून एकच बटण ठेवलं होतं – 'एका पानावर बसवा'. ते आता खऱ्या माणसांत वापरून बघायचं होतं.

"मग आमचा ड्युटीचा तक्ताच घ्या," तो म्हणाला. "शेवटचा रकाना नेहमी दुसऱ्या पानावर सांडतो. आणि ज्याचं नाव सांडतं ना… तो जातो."

"कुठे?"

"कुणास ठाऊक. आधी दारावरचे काका गेले, मग लायब्ररीतली ताई. खुर्ची रिकामी, डबा तसाच." तो घुबडाची पिसं सारखी करत राहिला. "आज नवा माणूस आलाय, माझ्या आधी एक रकाना वाढला. आता शेवटचा मी."

तो तिला ऑफिसात घेऊन आला, तशा तिथल्या बाई हसल्या. "डोळेवाल्यानं घाबरवलं का गं तुला? त्याच्या जिभेला हाड नाही." पण बोलता बोलता त्यांनी खुर्ची प्रिंटरपासून लांब सरकवली.

तिनं बटण दाबलं. पडद्यावर सगळी नावं एका पानात गुण्यागोविंदानं बसली. प्रिंटरमधून एक पान आलं. सगळ्यांनी श्वास सोडला… आणि दुसरं आलं. त्यावर एकट्या त्याचंच नाव.

तिनं पुन्हा छापलं. पडद्यावर एक पान, हातात दोन. तिसऱ्यांदा त्याच्या नावाची अक्षरं जराशी मोठी झाली होती.

तो दारात उभा होता. चेहरा पांढराफटक. "राहू दे. तू… तुम्ही केलंत तेवढं पुष्कळ."

"तू म्हटलंस तरी चालेल."

ओळख तासाभराची. पण देवानं मनाला मोजपट्टी दिलेली नाही. त्याची खुर्ची रिकामी दिसली तर… तिनं त्याच्या रकान्याशेजारी नवा रकाना घातला आणि स्वतःचं नाव टाइप केलं.

"हे काय करतेस?"

"सेटिंग सोपं करतेय."

"वेडी आहेस का? तूही जाशील."

"मग तू एकटा तरी जाणार नाहीस." ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "सोबत नको असेल तर सांग."

तो खुर्ची ओढून शेजारी बसला – कोपराला कोपर लागेल इतका जवळ – आणि तिच्या बोटावर आपलं बोट ठेवलं. ते थंडगार होतं.

"दाब," तो म्हणाला.

यंत्र बराच वेळ गप्प राहिलं. मग एक पान आलं. मग दुसरं. त्यावर दोन नावं, शेजारी शेजारी. बाईंनी दोन्ही पानं मुकाट्यानं भिंतीवर लावली.

दुसऱ्या पानावरची माणसं जातात, हे काही खोटं ठरलं नाही. आठवड्याच्या आत ती दोघंही गेली. आधीच्यांना जाताना कुणीच पाहिलं नव्हतं. यांना बाईंनी खिडकीतून पाहिलं – धुक्यात, हातात हात, आणि कशावरून तरी इतकी रंगून भांडत होती, की मागे वळून बघायचंही विसरली.