जुन्या बंदरातली ओळख

शहरापासून बोटीनं जेमतेम तासाभरावर समुद्र जमिनीत अर्धगोल वळून आत शिरला होता. एके काळी तिथं परदेशी जहाजं नांगर टाकायची. आता सुट्टीच्या दिवशी माणसं फोटो काढायला जायची. घरात वर्षभर अबोला होता. म्हणून "चल, दोघंच जाऊन येऊ," असं नवरा आपणहून म्हणाला, तेव्हा ती हरखूनच गेली. तिनं ठेवणीतला निळा कुडता घातला. लेकीला मावशीकडे सोडून दोघं निघाली.

धक्क्यावर चहावालीनं तिच्या हातात कप दिला. "वहिनी, खोकला गेला का हो? मागच्या खेपेला फारच बेजार होतात."

"मी पहिल्यांदाच येतेय."

चहावालीनं नवऱ्याकडे पाहिलं. तो चपलेतली वाळू झटकत बसला.

"तू आला होतास इथं?"

"छे गं. कुणाशी तरी गल्लत झाली असेल तिची."

जुन्या जकातघराच्या भिंतींना ओल धरली होती. मिठाचे पोपडे बोट लावताच गळून पडत होते. "तू बघत राहा, मी आलोच," असं म्हणून तो तिची पर्स आपल्या खांद्याला अडकवून पुढे गेला. तिला तेवढंही बरं वाटलं.

ती कानाच्या दवाखान्यात श्रवणचाचण्या घ्यायची. चाचणीचे शब्द तिच्याच आवाजात रेकॉर्ड केलेले होते. रोज ऐकून स्वतःचा आवाज तिला बाहेरून ओळखता यायचा. म्हणूनच समुद्राकडच्या खोलीतून बोलणं ऐकू आलं, तेव्हा तिनं तो आवाज लगेच ओळखला.

"आणलंस तिला?" तिचाच आवाज विचारत होता.

"हो," नवरा म्हणाला. "पोरीला काही कळणार नाही ना?"

"तिला कशाला कळेल?"

ती धावत आत गेली. नवरा एकटाच उभा होता. खिडकीला गज, खाली पाणी. त्याच्यासमोरची फरशी ओली होती.

"कोणाशी बोलत होतास?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. अशा मायेनं त्यानं वर्षभरात पाहिलं नव्हतं.

"माझ्याच्यानं नाही गं होत आता," तो म्हणाला आणि बाहेर पडला.

भोंगा वाजला. ती मागोमाग धावली, पण धक्क्याचं फाटक लागलं होतं.

"उघडा! माझे मिस्टर बोटीत आहेत!"

तिकीटवाला तिच्या अंगावरून पलीकडे बघत साखळी गुंडाळत राहिला.

"अहो, ऐका ना!"

त्यानं मान वळवली नाही.

बोट सुटली. कठड्याशी नवरा बसला होता. शेजारी तिच्याच निळ्या कुडत्यातली बाई. मांडीवर तिची पर्स.

पर्समध्ये फोन वाजला. बाईनं स्पीकर लावला.

"हो गं पिल्लू, निघालो आम्ही," बाई म्हणाली आणि खळखळून हसली.

पाण्यावरून लेकीचा आवाज स्वच्छ ऐकू आला.

"आई, किती दिवसांनी हसलीस गं!"