मागच्या चाकात गुंतलेलं

रिमोटवरची गाडी पळवून आणली की आधी ती गार होऊ द्यायची. मग बॅटरी काढायची. चिखल वाळला की कोरड्या ब्रशने झाडायचा. ओला पुसला तर तो बेअरिंगमध्ये शिरतो. हे मला जावयाने शिकवलं. शिकवलं म्हणजे एकदा ओरडून सांगितलं.

नोकरीभर मी वाचनालयात फाटकी पुस्तकं सांधली. बायको गेल्यावर मुलीकडे राहायला आलो आणि जावयाला माझ्या बोटांचा उपयोग सापडला. त्याची गाडी म्हणजे खेळणं नव्हतं. मांजराएवढी लांब, विटेहून जड, आणि सुटली की धावून गाठता येणार नाही अशी. रविवारी गोदामांमागच्या मोकळ्या जागेत तो शर्यती खेळायचा. चालवणार तो, साफ करणार मी. मोटरजवळच्या दोन दातेरी चाकांमध्ये कागदाची पट्टी घालून ती फिरवायची. पट्टी चुरगळून बाहेर यावी, पण फाटू नये. तेवढं अंतर बरोबर. हे काम मला मनापासून आवडायचं.

"सासरेबुवा, तुमच्या हातात कला आहे," जावई जेवताना म्हणायचा. "लेकीला मात्र काही दिली नाहीत." आणि हसायचा. हसला की पुढचा सोन्याने मढवलेला दात चमकायचा.

मुलगी ताटात बघायची. मीही.

मागच्या ॲक्सलला गुंडाळलेला लांब काळा केस प्रथम दिसला, तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही. घरात केस पडतातच. चिमट्याने ओढला, तर त्याच्या टोकाला मूळ होतं, पांढरं आणि ओलं. त्या संध्याकाळी शेजारच्या खोलीतून आवाज आले. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीने भांग दुसऱ्या बाजूला पाडला होता.

काही दिवसांनी त्याच ॲक्सलमधून पिवळी लोकर निघाली. मुलीचा पिवळा स्वेटर अजून कपाटातून बाहेरही आला नव्हता. दुसऱ्या दिवशी थंडी पडली आणि ती तो घालून स्वयंपाकघरात आली.

"आज हा घालू नकोस, चिमणे."

"का? थंडीला तुम्ही परत पाठवणार का?"

काय सांगणार होतो? म्हातारा माणूस आधी स्वतःवरच संशय घेतो. संध्याकाळी त्या स्वेटरची बाही खांद्यापासून उसवलेली होती आणि तिला हात वर करता येत नव्हता.

"आपण जाऊ इथून," मी म्हणालो.

"कुठे, बाबा? तुम्हाला रस्ता ओलांडायला माझा हात लागतो." ती हसली. "आणि माझा तर आता असा झालाय."

त्यानंतर मी गाडी रोज उघडू लागलो. जे निघे ते जाळून टाकायचो. तरी व्हायचं ते व्हायचंच.

मग एका शनिवारी गिअरची बंद पेटी उघडली. तिचे स्क्रू मीच गोंद लावून आवळले होते. आत, काळ्या ग्रीसमध्ये, दाताचा तुकडा होता. सोन्याने मढवलेला.

मी तो पुसून काडेपेटीत ठेवला. जेवताना जावयाकडे पाहिलं. तो हसत होता. दात जागेवर होता.

त्याला सांगायला हवं होतं का? मी बराच विचार केला. मग जाऊन गाडी नेहमीपेक्षा अधिक मन लावून साफ केली. तेल घातलं. पट्टी फिरवून पाहिली. चुरगळली, फाटली नाही.

रविवारी तो हरून आला. गाडी दाराजवळच्या टेबलावर आपटली आणि बॅटरी काढून माझ्या अंगावर फेकली.

"काय केलंत हिला? वळवली एकीकडे तर जाते भलतीकडे."

"त्यांना काही बोलू नका," मुलगी दारातून म्हणाली.

त्याने तिचे केस मुठीला गुंडाळले आणि तिचं डोकं चौकटीवर आपटलं. एकदा. मग पुन्हा. चौकटीवर रक्त दिसलं.

टेबलावर चाकं फिरू लागली.

बॅटरी माझ्या पायाशी पडली होती.

गाडी टेबलावरून उडाली आणि त्याच्या घोट्यावर आदळली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तो कोसळला, तोंड टेबलाच्या लोखंडी कडेवर आपटलं. तो हातांवर उठू पाहत होता.

गाडी भिंतीपर्यंत मागे गेली. थांबली. पुन्हा आली.

तोंडावर.

पुन्हा मागे. पुन्हा पुढे.

तो ओरडायचा थांबला, तरी ती येतच राहिली.

"बाबा, सोडा आता," मुलगी म्हणत होती. "बाबा."

मी खाली पाहिलं. माझ्या हातात गाडीचा पिस्तुलासारखा रिमोट होता. तो कधी उचलला, आठवत नाही. त्यातल्या सेलची जागा रिकामी होती. माझं बोट ट्रिगरवर आवळलेलं होतं. मुलीने ते दोन्ही हातांनी सोडवलं, तेव्हा गाडी थांबली.

काडेपेटी नंतर पाहिली. तीही रिकामी होती.

पोलिसाने गाडी उलटसुलट करून पाहिली. "बॅटरी कुठाय? ही चालवतं कोण?"

"तेच चालवायचे," मुलगी म्हणाली. "बाबा फक्त साफ करतात."

डॉक्टर म्हणाले, पडून डोक्याला लागलं, त्यातच गेले. पोलिसाने मुलीच्या कपाळाकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही.

आता घरात आम्ही दोघंच. तिची जखम भरली. ती केस मोकळे सोडून फिरते, गुणगुणते, माझी चेष्टा करते. गाडी टाकून द्यायची होती. मला ते जमलं नाही. वापर नसला तरी यंत्र गंजू देऊ नये, असं मी स्वतःला सांगितलं आणि काल दुपारी मागची चाकं काढली.

ॲक्सलला लांब काळा केस होता. तिच्या साबणाचा वास येणारा. टोकाला मूळ, ओलं.

"बाबा, चहा," तिने आतून हाक मारली.

मी उजव्या हाताकडे पाहत होतो. ट्रिगर दाबणारं बोट आत वळलेलं होतं. सरळ करायला मला दुसरा हात लावावा लागला.