गवंड्याचं पान

घर बदलायचं तर आधी देव आणि मिठाची बरणी न्यायची, बाकी सामान मागून. विभावरीच्या माहेरची ही रीत. म्हणून सप्टेंबरातल्या त्या सकाळी नव्या व्हिलाचं दार उघडलं तेव्हा तिच्या एका हातात गणपती होता, दुसऱ्या हातात मिठाची बरणी होती, आणि मागे आठ वर्षांची ईश्वरी टॅब छातीशी धरून कुरकुरत होती की इथं वायफाय नाही.

दोह्यातल्या दोन खोल्यांत सात वर्षं काढल्यावर हे घर म्हणजे चैनच होती. अल गराफाच्याही पलीकडे, वाळूत नव्यानं उठवलेली वसाहत. चोवीस व्हिला, सगळे एका रंगाचे, एका मापाचे. माणसं आली होती फक्त पाच घरांत. श्यामच्या कंपनीनं आपल्या इंजिनिअरांना इथं घरं दिली होती, त्यातलं बारा नंबरचं यांना मिळालं.

"बांधलं कुणी रे हे?" विभावरीनं विचारलं.

"असेल कुणी कॉन्ट्रॅक्टर. आपल्याला काय करायचंय?" श्याम म्हणाला आणि खोकी उचलायला गेला.

आपल्याला काय करायचंय! श्यामचं हे लाडकं वाक्य. विभावरीला मात्र करायचं होतं. ती सिन्नरच्या आप्पा मिस्त्र्याची लेक. वाळू चाळता चाळता वाढलेली. आप्पांच्या हातची निम्मी गल्ली उभी होती, आणि त्यांच्याकडची रीत अशी, की घरात राहायला जायच्या दिवशी पहिलं पान गवंड्याचं. टोपी, उपरणं, नारळ, आणि पोटभर जेवण. त्यानं हात धुतले की मग घरमालकानं बसायचं. आप्पा म्हणायचे, "गवंडी उपाशी गेला की घर खायला उठतं." विभावरी हसायची तेव्हा. पोरगी होती.

इथं गवंडी कुठून आणायचा? पण बाई हट्टी. तिनं दुसऱ्या दिवशी पुरण घातलं, वरण-भात केला, ताट वाढलं, शेजारी पाण्याचा पेला ठेवला. ताट ठेवलं तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत. ही खोली ईश्वरीला खेळायला दिलेली. तिथल्या कोपऱ्यातली एक फरशी विभावरीनं आल्या आल्याच बोटाच्या पेरानं वाजवून पाहिली होती. बाकी काम देखणं होतं, सांधे दोरीत होते, पण ती एक वाकडी बसली होती आणि पोकळ वाजत होती. काम अर्धं टाकून उठला बिचारा, असं तिला वाटलं. म्हणून तिथंच पान मांडलं, हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाली, "ज्यानं ही फरशी बसवली, त्यानं जेवून जावं."

श्याम दारात उभा होता. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं.

"उचल ते ताट."

"का? तुझं काय जातंय?"

"उचल म्हणतोय ना! हे सिन्नर नाहीये. काहीतरी गावठी खूळ घेऊन बसते."

गावठी म्हटल्यावर विभावरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताट तिथंच राहिलं. चांगली ठणकावून भांडली ती, अर्धा तास. मग ताट आणायला गेली.

एसी अठरावर होता. बाकी घरात अंगावर शाल घ्यावी लागत होती. पण त्या खोलीचं दार उघडलं आणि आतून झळ आली, भट्टीचं दार उघडावं तशी. ओल्या सिमेंटचा वास, आणि त्याच्या खाली घामाचा, आंबूस. ताटातला भात खड्यांसारखा कडक झाला होता. पुरणपोळी वाळून तडकली होती. कुणी घासाला हात लावला नव्हता. पेला मात्र कोरडा होता, तळाशी थेंबसुद्धा नव्हता.

तिनं श्यामला काही सांगितलं नाही. रागात होती ना.

दुसऱ्या दिवसापासून ते सुरू झालं. रात्री नाही हं. रात्री ते घर गपगार असायचं. सुरू व्हायचं ते भर दुपारी, ऊन डोक्यावर आलं की. बाहेर पांढरं ऊन, रस्त्यावर चिटपाखरू नाही, एसीची घरघर, आणि त्या घरघरीतून मागच्या खोलीतून आवाज. टक टक. थांबायचं. टक टक. पुन्हा थांबायचं.

दुसरी कुणी असती तर पाइप वाजतोय म्हणाली असती. पण विभावरीनं हा आवाज पाळण्यात ऐकलेला. फरशी बसवली की गवंडी हातोडीच्या दांड्यानं वाजवतो आणि कान देतो, कुठं पोकळ राहिली का ते बघायला. हा आवाज तसाच भिंतीकडून सरकत सरकत कोपऱ्याकडे यायचा. भरीव, भरीव, भरीव. मग कोपऱ्यात एकच ठोका पडायचा, पोकळ. आणि सगळं थांबायचं.

पाणी पुरेना. माठ भरून ठेवावा तर दुपारी निम्मा. ईश्वरीची शाळेची बाटली रिकामी. देवापुढचं तांब्यातलं पाणीसुद्धा आटलेलं.

ईश्वरीला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत. शाळेतून आली की ती त्याच खोलीत जाऊन बसायची. एकदा जेवताना सहज म्हणाली, "ममा, देअर इज अ‍ॅन अंकल इन माय रूम."

विभावरीचा घास हातातच राहिला. "काय करतो तो?"

"ही नॉक्स. अँड लिसन्स."

"बोलतो का काही?"

"नो. ही इज जस्ट व्हेरी थर्स्टी."

त्या दिवसापासून विभावरीनं खोलीला कुलूप घातलं. संध्याकाळी कुलूप उघडं, दार सताड. पोरीला ओरडली, तर पोरगी रडून म्हणाली की मी नाही उघडलं. मग विभावरीनं दुसरं केलं. रोज सकाळी त्या खोलीत पाण्यानं भरलेली कळशी ठेवायला लागली. निदान लेकराच्या वाटेला तरी जाऊ नये. अंगाला काटा यायचा तिच्या, पण ठेवायची. तहानलेल्याला पाणी द्यायचं, त्यात घाबरायचं काय, असं स्वतःला सांगायची.

आणि गुरुवारी सकाळी ती गेटवर गेली. तिथं शफीक म्हणून सुरक्षारक्षक बसायचा, पेशावरकडचा, साठीचा. तिनं त्याला हिंदीत विचारलं, बारा नंबरची एक फरशी काढून बसवायची आहे, ज्यांनी हे काम केलं ते गवंडी कुठं भेटतील?

शफीकनं तिच्याकडे नीट पाहिलं. "वो लड़के तो सब चले गए, भाभी. बिरकत अल अवामेर के लेबर कैंप में थे, कैंप भी खाली हो गया. आप साब से पूछो ना. साइट तो साब की ही थी. दो साल रोज़ आते थे."

विभावरी उन्हात तशीच उभी राहिली. दोन वर्षं! दोन वर्षं रोज डबा करून दिला या माणसाला, तो इथं आणून खात होता, आणि तिला सांगतो कुणी कॉन्ट्रॅक्टर असेल म्हणून.

शुक्रवारी सुट्टी. श्याम आरामात उठला, चहा प्यायला, मोबाइल बघत सोफ्यावर पसरला. विभावरी समोर येऊन उभी राहिली. लांबून जुम्म्याची अजान ऐकू येत होती.

"हे घर तू बांधलंस."

त्यानं मोबाइल खाली ठेवला नाही. "कोण म्हणालं?"

"कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का रे? काय झालं इथं? त्या खोलीत काय झालं?"

"विभा, सुट्टीच्या दिवशी तमाशा नको."

तेवढ्यात मागच्या खोलीचं दार लागलं. आपटलं नाही. हळू, नीट, कुणीतरी काळजीनं लावावं तसं लागलं. आणि ईश्वरी हॉलमध्ये नव्हती.

विभावरी धावली. कडी बाहेरून मोकळी, कुलूप नाही, पण दार हलेना. मूठ तव्यासारखी तापलेली. दाराच्या फटीतून गरम हवा पायांवर येत होती. आतून टक टक टक टक, न थांबता. आणि मधूनच ईश्वरीचा आवाज, दमलेला. "ममा... इट्स हॉट... ममा, पाणी..."

पाणी. मराठीत.

श्यामनं खांदा मारला, दोनदा, तीनदा. दार भिंतीसारखं. तो घामानं निथळत मागे सरला आणि विभावरीनं त्याची गचांडी धरली.

"बोल. पोरगी आत आहे. आत्ताच्या आत्ता बोल."

मग तो बोलला. जमिनीकडे बघून बोलला.

"जुलै होता... हँडओव्हर डोक्यावर होतं. उन्हाळ्यात दुपारी उघड्यावर काम बंद असतं इथं. घराच्या आत चालतं, पण लाइट यायची होती, एसी नव्हते... इन्स्पेक्शनची गाडी फिरायची. अशा घरात माणसं दिसली की काम बंद पाडतात. म्हणून मी सांगितलं, माणसं आत घ्या, बाहेरून कुलूप घाला. रिकामी घरं दिसतील. साडेतीनला उघडायचं, बस."

"खिडक्या?"

"सील केलेल्या."

"पाणी?"

त्यानं बाहीनं कपाळ पुसलं.

"पाणी होतं का आत, श्याम?"

"एकेक बाटली दिली होती... त्या दिवशी उघडायला उशीर झाला. एकजण गेला. किसन. परभणीकडचा होता, फरशीवाला. मला विचारायचा, साहेब, गावाकडं कधी जाणार... हार्ट अटॅक लिहिलं त्यांनी. मी बघायला पण गेलो नाही. फोरमनचा फोन आला फक्त."

"याच घरात?"

"चोवीस घरं आहेत, विभा. सगळी सारखी. कुठल्या घरात ते कोण लक्षात ठेवतो?"

त्या क्षणी विभावरीला त्याचा इतका राग आला, इतका राग आला, की भीती कुठल्या कुठं गेली. उन्हात उभं राहून विटा रचणारा तिचा बाप तिला दिसला. कोण लक्षात ठेवतो!

"अजून कोण होतं?"

"कुणी नाही. देवाशपथ. त्याच दिवशी एक बिहारचा फरशीवाला गायब झाला, पण तो पळून गेला. आम्ही तशी तक्रार दिली, मिटवून टाकलं."

विभावरीनं त्याला सोडलं. दारापाशी गेली, तापल्या लाकडाला दोन्ही तळहात टेकले.

"मिस्त्री," ती म्हणाली, "मी मिस्त्र्याचीच लेक आहे. तुमचं चुकलं नाही काही. पण माझ्या पोरीनं तुमचं काय केलंय? ज्यानं कुलूप लावायला सांगितलं तो हा इथं उभा आहे, माझ्या शेजारी."

ठोके थांबले. दार उघडलं.

ईश्वरी भिंतीला टेकून बसली होती. ओठ फुटलेले, गाल लाल, केस कपाळाला चिकटलेले. पण जिवंत. विभावरीनं तिला उचललं, हॉलमध्ये आणलं, पेला तोंडाला लावला. पोरगी घटाघटा पाणी प्यायली आणि आईच्या गळ्याला घट्ट बिलगली.

आता शहाणा माणूस काय करेल? बायको-पोरीला घेऊन गाडीत बसेल. पण श्यामची भीती सरली तशी त्याची अक्कलही सरली. बायकोसमोर तोंडातून गेलेलं त्याला आता परत घ्यायचं होतं. "दार फुगलंय हवेनं," तो म्हणाला. "थांब, दाखवतो तुला. काही नाहीये आत." आणि गेला खोलीत. मध्ये कळशी होती, ती त्यानं पायानं उडवली. पाणी फरशीवरून कोपऱ्यापर्यंत गेलं. "बघ! आहे का कोण? तुझ्या बापानं भरवलेलं खूळ सगळं."

दार लागलं. तसंच, हळू.

पहिल्यांदा तो चिडला, मग दार ठोठावायला लागला, मग आवाज बदलला. "विभा... दार उघड. विभा, इथं फार गरम होतंय... विभा, हसू नकोस गं, उघड..."

ती हसत नव्हती. एका कडेवर लेक, दुसरा हात दाराच्या मुठीवर. मूठ फिरली असती की नाही, हे तिलाही ठाऊक नाही. तिनं फिरवून पाहिली नाही.

"आधी माफी माग," ती म्हणाली. "त्याची. नावानं हाक मारून."

आत नुसता श्वास, कोरडा. मग श्यामचा आवाज आला, लहान मुलासारखा.

"किसन... किसन, चूक झाली रे माझी... किसन, ऐकतोयस ना..."

आणि त्याच्या अगदी जवळून, दाराच्या त्याच बाजूनं, दुसरा एक आवाज आला. थकलेला, समजावणीचा, रागाचा लवलेश नसलेला.

"किशन तो बगलवाले घर में है, साब. हम कहीं भागे नहीं थे."