शेवटच्या माणसाची हाक

पहाटे सव्वापाचला औषधाच्या दुकानाचं शटर बंद असतं, पण त्याच्या पायरीवर पाच माणसं रोज बुटांच्या नाड्या बांधत बसलेली असतात. धावायला जातात म्हणे. त्यातलं धावणं किती आणि बोलणं किती, ते त्यांच्या घरच्यांना विचारावं. नाडी बांधायला एक मिनिट लागतं आणि कोणते बूट चांगले यावर बोलायला दहा, असं टेलर नेहमी म्हणायचा. हल्ली मात्र तो काहीच म्हणत नसे.

त्या दिवशी धुकं होतं. मॅरेथॉन दोन आठवड्यांवर आली होती, त्यामुळे औषधवाल्याला जोर चढला होता.

"यंदा पाच तासांच्या आत नाही आलो, तर नाव बदलीन."

"कोणाचं?" दातांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"माझं नको हं," औषधवाल्याची बायको म्हणाली. तिला सगळे वहिनी म्हणत. "माझं एकदा बदलून झालंय."

बसवाला हसला नाही. त्याने बत्तीस वर्षं बस चालवली होती आणि निवृत्तीनंतरही त्याचं निम्मं लक्ष रस्त्यावरच असायचं. "वेळेचं सोडा. पलीकडच्या बाजूने धावा. गाडी समोरून येताना दिसायला हवी. पाठमोरा माणूस ड्रायव्हरला खांबासारखा वाटतो, माणूस वाटतच नाही."

"पलीकडे गटार उघडं आहे," औषधवाला म्हणाला. "रोज त्यात पडायचं का? आणि आपला हाकेचा नियम आहे की."

हा नियमही बसवाल्याचाच. सगळ्यांनी एकामागे एक धावायचं. मागून गाडी आली की सगळ्यात शेवटच्या माणसाने "गाडी!" म्हणून हाक द्यायची. त्याच्या पुढच्याने "ऐकलं" म्हणायचं, मग त्याच्या पुढच्याने, असं करत उत्तर पार पहिल्या माणसापर्यंत पोचवायचं आणि सगळ्यांनी कडेला व्हायचं. हाक येऊनही मागच्याचं "ऐकलं" आलं नाही, तर सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं. नियम साधा होता. लहान मुलांच्या खेळासारखा वाटायचा, पण सहा वर्षांत कोणाला खरचटलंसुद्धा नव्हतं.

म्हणजे आठ महिन्यांपूर्वीपर्यंत.

आठ महिन्यांपूर्वी ते सहाजण होते. टेलर शेवटी धावायचा, कारण दिवसभर मशीनवर बसून त्याच्या कमरेचं लाकूड झालं होतं. त्याच्या पुढे मास्तर असायचे. गणित शिकवून निवृत्त झालेले, गुडघ्यांना कापराच्या वासाचं मलम चोळून येणारे, वर्गात बोलावं तसं सावकाश बोलणारे. पुलाखालच्या वळणावर पहाटे एका पिकअप व्हॅनने त्यांना उडवलं. बाकीचे चौघे तेव्हा शंभर पावलं पुढे होते, वारा समोरून होता, त्यांना काही ऐकू आलं नाही. जे काही झालं ते टेलरने पाहिलं आणि टेलरनेच सांगितलं.

"मी हाक दिली होती," तो म्हणाला होता. "दोनदा दिली. मास्तरांनी ऐकलंच नाही." आणि मग, कोणी विचारलेलं नसताना, "कानात काहीतरी असावं त्यांच्या."

लोकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. वहिनी रडली. त्या दिवसापासून कोणी कानात गाणी लावून धावायचं नाही असं ठरलं, आणि मास्तरांचा विषय निघाला की शेवटी कोणीतरी म्हणायचंच, एवढा हिशेबी माणूस आणि एवढी साधी चूक करून बसला.

पाचहीजण उठले आणि निघाले. टेलर शेवटी. लग्नसराई होती, शिवणकामाचा ढीग पडला होता, रात्री दोनपर्यंत मशीन चालली होती. पाय शिशाचे झाले होते. पुढे बसवाल्याच्या पाठीवरचा चमकणारा पट्टा धुक्यात कधी दिसे, कधी विझे. पुलाखालचं वळण आलं. तिथे नेहमी ओल्या सिमेंटचा आणि डिझेलचा वास असतो. टेलर श्वास मोजत धावत होता.

"गाडी..."

हाक त्याच्या मागून आली.

"ऐकलं," बसवाला म्हणाला. "ऐकलं." "ऐकलं." "ऐकलं." चौघे कडेला झाले. टेलर तसाच रस्त्यात उभा राहिला आणि त्याने वळून पाहिलं. मागे धुकं होतं, दुसरं काहीच नव्हतं. मग दूरवर दोन पिवळे ठिपके उगवले. तो कडेला झाला आणि पाण्याचा टँकर धडधडत निघून गेला.

"शाब्बास टेलर," औषधवाला पुढून ओरडला. "मला तर आवाजही आला नव्हता गाडीचा!"

"घसा बसलाय का तुमचा?" वहिनीने विचारलं. "आवाज वेगळा वाटला."

टेलर हो म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी तीनदा हाक आली, तिसऱ्या दिवशी पाचदा. दर वेळी टेलरच्या मागून, आणि दर वेळी गाडी दिसायच्या आधी. आवाज सावकाश होता, जरा दमलेला. फळ्यावर लिहिता लिहिता मुलांना काही सांगावं तसा. एकदा टेलरने बसवाल्याच्या अगदी पाठीला लागून धावायचा प्रयत्न केला, तर हाक टेलरच्याच मानेपाशी आली आणि कापराचा वास आला. धावण्याला दोन दिवस दांडी मारली, तर बायको म्हणाली, झोपेत कसलं ऐकलं-ऐकलं करता हो? तिसऱ्या दिवशी तो परत गेला. पहाटे घरी एकटं जागं पडून राहण्यापेक्षा रस्ता बरा वाटला.

सगळ्यात वाईट म्हणजे त्याचं कौतुक व्हायला लागलं. बसवाला कधी कोणाला चांगलं म्हणत नसे, तोही म्हणाला, "शेवटचा माणूस असावा तर असा." न दिलेल्या हाकांसाठी टेलरला शाबासकी मिळत होती.

मग औषधवाल्याने एक कागद आणला.

मॅरेथॉनवाल्यांना रस्तासुरक्षेचा एक मोठा फलक लावायचा होता, धावायला सुरुवात होते तिथेच. वर मास्तरांचा फोटो आणि खाली मजकूर: 'यांनी हाक ऐकली असती, तर आज हे आपल्यात असते. कानातली गाणी बंद ठेवा.' घरच्यांची सही तेवढी हवी होती.

"तू जा मास्तरांच्या घरी, काकूंकडे," औषधवाला म्हणाला. "शेवटी त्यांच्यासोबत तूच होतास. तुला नाही म्हणणार नाहीत."

चार हजार माणसं त्या फलकापुढून धावत जाणार होती. टेलरने कागदाची घडी करून खिशात घातली. दोन दिवस ती खिशातच राहिली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो मास्तरांच्या घराचे तीन जिने चढला.

काकूंनी दार उघडलं. त्या फार थकल्या होत्या. डोळ्यांखाली काळं आलं होतं. समोरच्या खोलीत दोन खुर्च्या, एक टेबल आणि खिडकी होती. आतल्या खोलीच्या दाराला पडदा होता आणि आत दिवा नव्हता. त्यांनी पाणी आणून दिलं, कागद घेतला, चष्मा लावून वाचला. पुन्हा वाचला.

"कानात काही नव्हतं त्यांच्या," त्या म्हणाल्या. "ती गाण्यांची वायर घरीच होती. टेबलाच्या खणात आहे अजून. मी तेव्हाही सांगितलं होतं, पण लोक म्हणाले, काकूंना सहन होत नाही म्हणून बोलतात."

टेलरने ग्लास उचलला.

"गाडी..."

आतल्या खोलीतून हाक आली होती. टेलरच्या हातातलं पाणी पँटवर सांडलं. काकूंनी मान वरसुद्धा केली नाही.

"ऐकलं हो," त्या पडद्याकडे बघून म्हणाल्या, पलंगावरून पाणी मागणाऱ्या आजारी माणसाला म्हणावं तसं. थोड्या वेळाने खाली गल्लीत एक टेम्पो शिरला आणि भिंतीवरून उजेड फिरवत पुढे गेला.

"काकू..."

"आठ महिने झाले. गल्लीत सायकल आली तर नाही, पण गाडी आली की सांगतात. उत्तर दिलं नाही तर सांगतच राहतात. तुमचा नियम मला शिकवून गेले होते ना. हाक आली की ऐकलं म्हणायचं." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "रात्री पण येतात हो गाड्या. किती वेळा उठायचं माणसाने?"

टेलर जायला उठला.

"एक विचारायचं होतं," काकू म्हणाल्या. "घरातसुद्धा हाकेला उत्तर दिल्याशिवाय न राहणारा माणूस. मग त्या दिवशी तुम्ही दोनदा हाक दिलीत, तेव्हा का नाही दिलं उत्तर?"

पडद्यामागे शांतता होती. कोणीतरी श्वास धरून ऐकत असावं तशी.

"मी हाक दिलीच नाही," टेलर म्हणाला.

एकदा तोंडातून निघाल्यावर बाकीचं आपोआप आलं. त्या दिवशीही कामाचा ढीग होता, शाळेच्या गणवेशांचा. रात्रभर झोप नव्हती. वळणाआधीचा चढ होता, दम लागला होता. मागून उजेड आला तो त्याने पाहिला होता. मास्तरांच्या पाठीवरचा पट्टा त्या उजेडात लखलखला होता, अगदी दिव्यासारखा. त्याला वाटलं, एवढं चमकतंय तर ड्रायव्हरला दिसेलच. हाक द्यायची म्हणजे श्वास मोडायचा. तो मनात म्हणाला, पुढच्या श्वासाला देऊ. मग म्हणाला, त्याच्या पुढच्या. तो स्वतः कडेला झाला. मास्तर झाले नाहीत.

"तीन श्वास होते काकू. तीन श्वास होते माझ्याकडे."

काकूंनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

"दमला होतात," त्या म्हणाल्या.

"हो."

"तेही दमलेच होते. आदल्या दिवशी मी म्हटलं होतं, उद्या नका जाऊ." त्यांनी कागदाची उभी-आडवी घडी केली आणि त्याच्या हातात परत दिली. "मला सांगून काय उपयोग? धावत मी नव्हते. उद्या सगळ्यांना सांगा. आणि हाक तुम्ही द्या. आठ महिने तुमचं काम ते करताहेत. झोपू द्या आता आम्हाला."

दुसऱ्या दिवशी पायरीवर टेलरने सांगितलं. उभ्याने, नाडी न बांधता. वहिनीने तोंडावर हात ठेवला. औषधवाल्याने कागद घेऊन फाडला आणि तुकड्यांचं काय करावं हे न कळून ते मुठीतच धरून बसला. डॉक्टरीणबाई दुसरीकडे बघत राहिल्या. बसवाल्याच्या जबड्याची शीर हलत होती.

"मग इतके दिवस हाका कोण देत होतं?" त्याने विचारलं.

टेलर वाकून नाडी बांधू लागला.

"आजपासून शेवटी मी धावतो," बसवाला म्हणाला.

"नको," टेलर म्हणाला. "माझी जागा आहे ती. माझ्याकडेच असू द्या."

पाचहीजण निघाले. फक्त बुटांचे आवाज. वहिनी मधेच नाक ओढायची. धुकं कालच्यापेक्षा दाट होतं. चढ आला, टेलरला दम लागला, छाती दुखायला लागली. मागे काहीच नव्हतं. ना पावलं, ना वास, ना आवाज. वळण आलं. तो दर चार पावलांनी मान वळवून पाहत होता. मागून हाक आली नाही. मग धुक्यात उजेड फाकला.

त्याने होता नव्हता तेवढा श्वास भरून घेतला.

"गाडी!"

"ऐकलं," बसवाला म्हणाला.

"ऐकलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"ऐकलं," वहिनी म्हणाली, आणि सगळ्यात पुढून औषधवाल्याचं "ऐकलं" आलं. पाचहीजण कडेला झाले. एक पिकअप व्हॅन त्यांच्या अंगावर वारा फेकत गेली. तिचे मागचे लाल दिवे धुक्यात लहान होत गेले आणि विझले. टेलर गुडघ्यांवर हात ठेवून वाकला. त्याला रडू येत होतं, आणि खरं सांगायचं तर हलकंही वाटत होतं.

तेव्हा कापराचा वास आला. आता मागून नाही, पुढून. तो आणि बसवाला यांच्यामध्ये दोन हातांची मोकळी जागा होती, मास्तर जिथे धावायचे तेवढीच. त्या जागेतून, धापा टाकत, घाईघाईने, आठ महिने वाट पाहिलेल्या हाकेला उत्तर द्यावं तसा, आवाज आला.

"ऐकलं... ऐकलं..."

बसवाला जागच्या जागी थिजला. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

गाडी तर केव्हाच निघून गेली होती.