संपलेली फीत

यंत्रातून पिवळा कागद अर्धा बाहेर आला, आणि तो ओढायला कुणाची तरी बोटं पुढं आली. बालवर्गाच्या बाईंनी त्या बोटांवर चापट मारली. रंगाच्या डबीत हात घालणाऱ्या मुलाला मारावी तशीच, आवाजाची आणि न लागणारी. मग त्यांनी वर पाहिलं...

समोर मूल नव्हतं. शाळेसमोरच्या स्टुडिओचा मालक होता. गळ्यात कॅमेरा, शाळेच्या कार्यक्रमाचे फोटो काढायला आलेला.

“शिक्षा झाली. आता चूक तरी सांगा,” तो म्हणाला.

बाई लाजल्या, पण शिकवायची संधी त्यांनी सोडली नाही. या छोट्या प्रिंटरमध्ये शाई नसतेच, रंगांची फीत असते. फीत तापते, रंगाची वाफ होते आणि ती कागदात मुरते. आधी पिवळा, मग गुलाबी, मग निळा, आणि शेवटी वरून पारदर्शक थर. दर वेळी कागद आत जातो, बाहेर येतो. मध्येच ओढला की चित्र बिघडलंच.

बोलता बोलता फोटो तयार झाला. बाईंनी तो एका मुलीच्या ओल्या हातात दिला. रंग पुसला नाही, बोटाला लागला नाही. बाईंची मान ताठ झाली.

“छान खेळणं आहे,” तो म्हणाला.

बाईंचं वय पंचविशीचं, पण सगळी गल्ली, अगदी त्यांचे वडीलसुद्धा, त्यांना बाईच म्हणत. त्यांच्या प्रिंटरला खेळणं म्हणण्याची हिंमत आजवर कुणी केली नव्हती. त्या दिवसापासून शाळा सुटली की फाटकाशी भांडण ठरलेलं. तो म्हणे, यातून पोस्टकार्डाहून मोठा फोटो निघत नाही. एवढंसं चित्र छापलं तरी फितीचा अख्खा तुकडा वाया जातो, आणि धुळीचा कण शिरला तर गालावर तीळ उमटतो. सगळं खरं होतं, म्हणून बाईंना जास्तच राग येई. आणि एखाद्या दिवशी तो फाटकाशी दिसला नाही, तर त्याहून जास्त...

पण हे त्याला कळता कामा नये. तो प्रिंटरला हसला तसा यालाही हसला, तर त्याच्या दुकानासमोरून रोज मान वर करून शाळेत जायचं कसं?

एक दिवस तो स्वतःच दारात आला. त्याचं मोठं मशीन बंद पडलं होतं, आणि दुसऱ्या एका शाळेतल्या मुलांना हातोहात फोटो द्यायचे होते. खेळणं म्हटल्याबद्दल त्यानं आधी माफी मागितली, मग प्रिंटर मागितला. बाईंनी तो नव्या फितीसकट इतक्या ऐटीत काढून दिला, की आतली संपलेली फीत काढायची राहूनच गेली.

दुसऱ्या दिवशी वर्गात कात्री हातात घेतली आणि त्यांना ती फीत आठवली. संपलेली फीत त्या नेहमी कापून टाकत. कारण या यंत्राचा एक दोष त्यानं अजून काढला नव्हता... छापलेलं प्रत्येक चित्र फितीवर मागे राहतं.

मधल्या सुट्टीत त्या धावतच स्टुडिओत गेल्या. त्याची आई गल्ल्याशी बसून फोटो पाकिटात घालत होती. तो खिडकीशी उभा होता, हातात उलगडलेली फीत.

“बाई, हा म्हातारा कोण?” त्यानं हळूच विचारलं.

जिथला रंग कागदावर जातो, तिथं फीत कोरी पडते. त्यामुळे काळे केस पांढरे दिसत होते. पण नाक कुठं लपतंय? आणि तोच चेहरा पुढं पुन्हा, त्याच्यापुढं पुन्हा.

यंत्र नीट चालतंय का ते बघत होते, असं म्हणून सुटता आलं असतं. पण केलं ते मान वर करून सांगावं, असं त्या मुलांना रोज सांगत.

“तुम्हीच आहात,” बाई म्हणाल्या. “कार्यक्रमात शिडीवर चढून मुलांना हसवत होतात, तेव्हा टिपला. पहिला गडद आला, म्हणून दुसरा छापला. तिसरा... नुसताच छापला.”

तो हसला नाही. त्याचे कान मात्र लाल झाले.

“यात मी फार म्हातारा दिसतोय.”

“दिसा. मला चालेल.”

“माझ्या मशीनला फीत नाही म्हणून मी वाचलो,” तो पुटपुटला. “नाहीतर तुमचा चेहरा त्यावर किती वेळा —”

खुर्ची करकरली. आईनं येऊन त्याच्या हातातून फीत घेतली आणि उजेडात धरून निरखून पाहिली.

“याचे फोटो नीट आलेत का गं?”

“मावशी, असे आलेत, की याच्या मोठ्या मशीनलाही जमायचे नाहीत.”

“साऱ्या जगाचे फोटो काढतो, पण घरात याचा स्वतःचा एक धड फोटो नाही,” आई म्हणाली. फीत गुंडाळून तिनं बाईंच्या हातात ठेवली. “संध्याकाळी ते फोटो घेऊन ये. आणि येताना वडिलांनाही आण. मला त्यांच्याशी बोलायचंय.”