हेडवरचा हात

"दिवे घालवायचेत ना? घालवा. पण मधे कुणी खिदळलं तर मी उठून झोपायला जाईन. मग बसा एकमेकांची तोंडं बघत."

असा दम भरून आबा खुर्चीत पाय वर घेऊन बसले. उभा जन्म लेथ मशीनवर गेलेला माणूस, पण आवाज अजून खणखणीत. समोर पुतण्याची पोरं पांघरुणात गुरफटून बसलेली. त्यातली थोरली चष्मेवाली, कशाला न भिणारी.

"हे ऐकीव नाही," आबा म्हणाले. "आमच्या वर्कशॉपात एक बाई होती, तिच्यावर गुदरलेलं आहे."

आणि ते सांगू लागले.

तिला सगळे ठणठणबाई म्हणायचे. तिचं काम जुन्या स्पोर्ट्स गाड्यांच्या इंजिनांचे सुटे भाग पारखायचं. अशा गाडीला तिचा जन्मापासूनचा भाग असेल तर त्याला मोल. मागून केलेली नक्कल कितीही चकचकीत असो, ती नक्कलच. बाई ओतकामात उमटलेले आकडे बघायची, काजळी नखानं खरवडून बघायची. मग भाग टांगायचा आणि पितळी दांडीनं एक टोला. ठण्ण. धड बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, आवाज शाळेच्या घंटेसारखा लांबत जातो. तडकलेलं बीड 'थड्' करतं आणि गप्प.

तोंडानं भारी फटकळ. कुणी भाग पॉलिश करून आणला की म्हणायची, "म्हाताऱ्याला पावडर लावून आणलंस? वयच पुसून टाकलंस, आता मोल कशाचं करू?"

गेल्या डिसेंबरातला दुसरा शनिवार. संध्याकाळी तिला एका मुलीचा फोन आला. मुलीचा बाप वारला होता. तळघरात त्याची लाल गाडी, दोन दारांची, लांब नाकाची. जिवंतपणी त्यानं लेकीला गाडीला बोट लावू दिलं नव्हतं. म्हणायचा, बायकांनी गाडीत बसावं, इंजिनात नाक खुपसू नये. तो गेल्यावर पोरीनं शिकून, चुकून, पुन्हा शिकून ती गाडी एकेक नट करत उभी केली. राहिलं होतं ते हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं बिडाचं झाकण. आणि दोन पारख्यांनी ते वाजवून सांगितलं होतं की तडकलंय, भंगारात घाला.

"दादा म्हणतो, मूळचं हेडच गेलं तर गाडीत राहिलं काय," पोरगी म्हणाली. "उद्या सकाळी तो गाडी सुटी करून विकायला माणसं आणतोय. मावशी, एकदा तुम्ही ऐका. तुम्ही तडकलंय म्हणालात तर मी गप्प बसेन."

"रात्री येते," बाई म्हणाली. "दिवसा रस्त्याच्या कलकलाटात निम्मा आवाज वाया जातो."

साडेअकराला ती पोचली. अरुंद, उंच घर. तळघरात उतरायला लोखंडी जिना, मागच्या अंगाला गाडीपुरता उतार. भिंतीवर हत्यारं टांगलेली आणि प्रत्येकामागं पांढऱ्या रंगानं त्याची आकृती काढलेली, म्हणजे एक पानाही जागचा हलला तर कळावं. बापाचा स्वभाव भिंतीवरच दिसत होता. मधोमध बॉनेट उघडलेली गाडी. शेजारी चेनकप्पीला हेड टांगलेलं.

बाईनं मोबाइलच्या उजेडात आकडे बघितले, ओतकामाची कड चाचपली.

"जन्माचंच आहे. नक्कल नाही. आता तोंड मिटून उभी राहा."

तिनं टोला दिला.

ठण्ण...

भरलेला, लांब आवाज. बाईच्या तोंडावर हसू आलं. आणि मधेच तो आवाज तुटला.

विरला नाही. तुटला.

तिनं साखळी पाहिली. मोकळी होती. हेड कुठंही टेकलेलं नव्हतं. पुन्हा टोला. ठण्ण... आणि पुन्हा तुटला.

"बघा ना," पोरगी रडवेली झाली. "त्या दोघांनाही असंच मुकं वाटलं."

"ते शेवट ऐकून गेले. तडकलेलं बीड पहिल्यापासून मुकं असतं, पोरी. हे गातंय. गाता गाता कुणीतरी तोंड दाबतंय."

"कुणीतरी... म्हणजे?"

बाईनं तिसरा टोला दिला आणि आवाज चालू असतानाच स्वतःचा तळवा हेडवर टेकवला. ठण्... बंद.

तसंच. अगदी तसंच.

"मांजर असेल," चष्मेवाली अंधारातून म्हणाली. पण आवाज बारीक झाला होता.

"टांगलेल्या हेडवर मांजर? बसवून दाखव," आबा म्हणाले.

मग पुढं सांगितलं. तळघरात साबणाचा वास आला. काळे हात धुवायचा, रेतीचा साबण.

"बाबांचा..." पोरगी म्हणाली आणि जिन्याकडं सरकली.

"थांब इथंच. गाडी तुझी आहे." बाईनं पदर खोचला. हेडच्या पलीकडं, जिथं कुणीच नव्हतं, तिथं बघून म्हणाली, "मालक, घर तुमचं, हौस तुमची. पण कान माझा आहे. धड वस्तूला तडकलेली म्हणायला मला अजून कुणी लावलेलं नाही. आणि लेकीनं गाडी उभी केली म्हणून एवढं झोंबत असेल तर झोंबू द्या. हात काढा."

काहीच नाही.

टोला. ठण्... तुटला. या वेळी लवकर.

"अस्सं?"

तिनं डाव्या हातानं हेड चाचपायला सुरुवात केली. थंड. डिसेंबरातलं लोखंड. थंड. थंड.

एका जागी... ऊब.

तळव्याएवढी.

बाईनं हात मागं घेतला. मग तिनं दांडी उचलली.

"आता इथंच मारणार. बोटं सांभाळा."

"मावशी, नको..."

मारलं.

ठण्ण नाही. थड् नाही.

मऊ. उशीवर मारल्यासारखं.

कुणी ओरडलं नाही. दिवा गेला नाही. फक्त साखळी एकदा करकरली... आणि हेड जागच्या जागी हललं. वरचं ओझं उतरल्यासारखं.

बाईनं कपाळ पुसलं. पुन्हा टोला दिला.

ठण्ण्ण...

तो आवाज चालला, चालला, भिंतीवरची हत्यारं त्यानं किणकिणली, तरी चालला. पोरगी खाली बसून हमसाहमशी रडत होती.

"ऊठ," बाई म्हणाली. "तडा नाही, जन्माचं हेड आहे. उरलेल्या अख्ख्या गाडीइतकं याचं मोल. दादाला सांग ठणठणबाईनं सांगितलंय. पटत नसेल तर माझ्यासमोर येऊन बोल म्हणावं."

दादा काही आला नाही. गाडी सुटी झाली नाही.

"कोपऱ्यावरून भरधाव जाते ती लाल गाडी?" धाकट्यानं विचारलं. "ताई चालवते ती?"

"तीच."

"मग यात भुताचं काय राहिलं?" चष्मेवालीनं विचारलं. "गेलं की ते."

आबांनी खुर्चीखाली हात घातला. कापडात गुंडाळलेली पितळी दांडी बाहेर काढली. एका टोकाला सुतळी बांधलेली.

"त्या सोमवारी बाई आली नि म्हणाली, लेथवाले, ही ठेवा तुमच्याकडं, मला दुसरी करून द्या. मीच केली होती ही. भरीव पितळ. तेव्हा वाजवली की दात शिवशिवायचे."

त्यांनी सुतळी धरून दांडी अधांतरी टांगली. चष्मेवालीपुढं घराची किल्ली केली.

"मार."

तिनं मारलं.

आवाज आला नाही. उशीवर मारल्यासारखं काहीतरी झालं, इतकंच.

धाकट्यानं पांघरूण डोक्यावरून घेतलं. अंधारात दांडी हळूहळू फिरत होती.

चष्मेवालीनं किल्ली पुन्हा उचलली.

"हात काढा," ती म्हणाली.