चार बोटं जास्तीचं कापड

त्या डोंगराच्या माथ्याखाली, एका ओल्या कड्याच्या बगलेत, वर्षातून जेमतेम तीन दिवस एक निळं फूल उमलतं असं मास्तरांचं म्हणणं होतं. ते फूल आणायलाच तिघं निघाले होते. मास्तर महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत आणि गेली अकरा वर्षं या फुलापायी भल्याभल्यांशी वाद घालत. पुरावा म्हणून एक जुनं चित्र तेवढं होतं. ‘चित्रकाराची चूक’ म्हणून सगळे हात झटकत. खरं फूल टिपकागदात दाबून, पाकळी न् पाकळी शाबूत खाली आणलं, तरच त्यांची तोंडं बंद होणार होती. खुडल्यावर ते तासाभरात मलूल होई, म्हणून जागच्या जागीच दाबायला हवं. आणि कागद ओला झाला, की सगळंच मुसळ केरात!

वाट दाखवायला एक काका होते. साठी उलटलेले, दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलणारे. तिसरी होती मास्तरांची थोरली बहीण, ताई. तिनं तीस वर्षं शिवणयंत्रावर काढली होती आणि सोबत घेतलेला तंबू तिच्याच हातचा होता. “माझा तंबू गळतो की नाही, ते मी स्वतः झोपून बघणार,” असं म्हणून तिनं पिशवी खांद्याला लावली, तेव्हा तिला अडवायची कुणाची छाती झाली नाही.

पहिला मुक्काम मऊ गवताच्या खळग्यात पडला. काकांनी नाक मुरडलं, पण पाय दुखत असलेल्या मास्तरांनी त्यांचं ऐकलं नाही. रात्रभर पाऊस कोसळला. सकाळी ताई उठली ती पाठ भिजलेली घेऊनच.

टिपकागद चाळीस होते. एकतीस भिजून लगदा झाले होते.

“तुझी शिवण गळली, ताई,” मास्तर म्हणाले. आवाज चढला नव्हता. म्हणूनच ते फार लागलं.

ताईनं छताची एकूण एक शिवण बोटांनी चाचपली. सगळ्या कोरड्या! दोऱ्याला तिनं घरीच मेण चोळलं होतं. मग पाणी आलं कुठून? ती बाहेर गेली आणि तंबूची खालची कड बघायला सरळ चिखलात पालथी पडली. खाली अंथरलेलं रबरी कापड तंबूच्या चारी बाजूंनी चार-चार बोटं बाहेर डोकावत होतं. भिंतीवरून ओघळणारं पाणी त्या कडेवर पडे आणि तिथून थेट आत, अंथरुणाखाली.

तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. काहीही शिवताना कडेला माया ठेवायची, म्हणजे पुढेमागे लागलं तर म्हणून जास्तीचं कापड राखायचं, ही तिची जन्माची सवय. भाचीच्या परकरापासून मेहुण्यांच्या विजारीपर्यंत तिनं सगळीकडे माया सोडली होती. इथेही हात आपोआप तसाच चालला होता.

“शिवण नाही गळली,” ती आत येऊन म्हणाली. “चूक माझीच आहे, पण शिवणीची नाही.”

“मग काप ती कड.”

“कापलेलं कापड परत येत नाही. मी आत दुमडते.”

“अकरा वर्षं, ताई,” एवढंच बोलून मास्तरांनी उरलेले नऊ कागद सदऱ्याच्या आत, पोटाशी बांधले.

पुढची चढण जिवावरची होती. दगडांना शेवाळ, वाटेला ओढा. काका पुढे, मग ताई, दोराच्या शेवटाला मास्तर. एकदा मास्तरांचा पाय सटकला आणि दोर ताईच्या मुठीतून सरसर सुटत गेला. तिनं दात खाल्ले, टाच रोवली. दोर थांबला! हातावर लाल वळ उठला, पण मास्तर वर आले आणि कागद कोरडे राहिले.

दुपारी कडा गाठला. खाचेत निळी कळी होती, अजून मिटलेली. तिच्याशेजारच्या उतारावर ताईनं या वेळी स्वतः जागा निवडली. तंबूची पाठ वाऱ्याकडे, खालच्या कापडाची कड चारी बाजूंनी आत दुमडलेली, वरच्या अंगाला पाणी वळवायला काकांनी काठीनं खणलेला चर. मग तिघं वाट पाहत बसले.

कळी उमलली. मास्तरांच्या डोळ्यांना धारा लागल्या. त्यांनी फूल खुडलं, आत नेलं, कागदांत ठेवलं आणि कागदांच्या खाली-वर लाकडी फळ्या लावून त्या पट्ट्यानं आवळल्या. तेवढ्यात आभाळ फाटलं.

पाऊस आडवा आला. वाऱ्यानं कड्यावरची एक वाळकी फांदी उचलून छतावर भिरकावली. टर्रकन आवाज झाला. वीतभर भोक! पाण्याची धार बरोबर फळ्यांवर आली. मास्तर फळ्यांवर पालथे पडले.

“काका, खांब धरा!” ताई ओरडली.

ठिगळाला कापड कुठून आणायचं? तिनं आजूबाजूला पाहिलं आणि मग दुमडलेल्या कडेवर तिची नजर गेली. चार बोटं रुंद, रबरी, लांबच लांब! तिनं कात्री काढली आणि करकर कापत गेली. दोन पट्ट्या जोडून ठिगळ झालं. ते तिनं भोकात असं सरकवलं, की वरची कड छताच्या आत राहिली आणि खालची बाहेर. कौलावरून कौलावर उतरतं तसं पाणी आता बाहेरून उतरणार होतं. सुई बोटात घुसली. ती थांबली नाही. टाका, मेण, टाका, मेण. वाऱ्यानं खांब हलला, काकांनी मिठी मारून तो धरला. शेवटचा टाका पडला.

धार थांबली!

तासाभरानं पाऊसही दमला. मास्तरांनी फळ्या सैल केल्या. वरचे दोन कागद दमट होते, बाकीचे सात कोरडे. मधोमध निळं फूल, पाचही पाकळ्या शाबूत.

“ताई,” मास्तर म्हणाले, “सकाळी मी नको ते बोललो.”

“बोललास ते बोललास. आधी पाठ पूस, ताप येईल.”

“मास्तर कड कापायला लावत होते,” काका म्हणाले आणि गालातल्या गालात हसले. त्या दिवसाचं त्यांचं हे दहावं वाक्य असावं.

महिनाभरानं ते फूल संग्रहालयात काचेखाली ठेवलं गेलं. शंकेखोर मंडळी भिंग घेऊन वाकली, सरळ झाली, पुन्हा वाकली आणि एकेकानं मास्तरांचा हात हातात घेतला. मागे उभ्या असलेल्या ताईचा ऊर भरून आला.

पुढच्या मोहिमेसाठी मास्तर तिच्याकडे नवं अंथरायचं कापड शिवायला घेऊन आले. “माप तंबूपेक्षा चार बोटं कमीच ठेव हं,” त्यांनी बजावलं.

“बरं,” ताई म्हणाली. तिनं कापड आठ बोटं जास्त कापलं, जास्तीचं सगळं आत दुमडलं आणि त्यावर सैलशी टीप मारली, हवी तेव्हा उसवता येईल अशी.